अपोस्टिल केलं की जर्मनीत लग्न होतं? नाही होत

जर्मनीत शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात म्हटलेलं असतं: जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र घ्या, दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं तो शिक्का, करून आणा, जर्मनीत पंधरा दिवसांत लग्न लागतं. अडलंच तर डेन्मार्क आहे, तिथे कागद विचारत नाहीत. आणि नंतर भारतात नोंदणी केली नाही तर लग्न बेकायदा ठरतं. यावर विसंबून लोक तारीख ठरवतात, आईवडिलांची तिकिटं काढतात. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

सर्वांत मोठी चूक अपोस्टिलची आहे. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, हे खरं. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागूच नाही. मंत्रालयात आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडे खेटे घालून मिळवलेला तो शिक्का जर्मन विवाहनोंदणी कार्यालयापुढे, म्हणजे श्टांडेसाम्टपुढे, निर्णायक ठरत नाही. शिवाय अपोस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. दाखल्यातला मजकूर खरा आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

जर्मनीला नेमकी मजकुराची खात्री हवी असते. त्यासाठी कागदपत्रांची पडताळणी होते. श्टांडेसाम्ट भारतातल्या जर्मन दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला विनंती करतं, दूतावासाने नेमलेला वकील महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन मूळ नोंद पाहतो, गरज पडल्यास नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडेही चौकशी करतो. खर्च आपल्याकडून घेतला जातो, आणि याला महिने लागतात. ही पडताळणी आपण स्वतः आधीच उरकून ठेवू शकत नाही, कारण विनंती सरकारी कार्यालयाकडूनच यावी लागते. गावी काका-मावशींना याची कल्पना देऊन ठेवा. अनोळखी माणूस दारात येऊन ‘मुलीचं आधी लग्न झालंय का’ असं विचारतो तेव्हा भल्या घरातही गोंधळ उडतो, आणि घाबरून दिलेलं अर्धवट उत्तर अहवालात जातं.

आता प्रतिज्ञापत्र. जर्मन कायद्यानुसार परदेशी नागरिकाने स्वतःच्या देशाकडून ‘हा माणूस लग्नाला पात्र आहे’ असा दाखला आणायचा असतो. जर्मनीला चालेल असा दाखला भारतातून मिळत नाही. मग त्या अटीतून सूट मागावी लागते, आणि ती प्रांतातल्या वरिष्ठ न्यायालयाचे, ओबरलांडेसगेरिश्टचे, अध्यक्ष देतात. अर्ज श्टांडेसाम्टमार्फतच जातो. प्रतिज्ञापत्र या अर्जाला जोडायच्या कागदांपैकी एक आहे, त्याच्या एकट्याच्या बळावर लग्न लागत नाही. ही सूट सहा महिनेच टिकते, हे तारीख ठरवताना लक्षात असू द्या. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा आणि तो अंतिम झाल्याचा पुरावा लागतोच.

या सगळ्यात आपल्याकडची खरी अडचण जन्मदाखल्याची असते, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. कित्येकांच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. कुठे आईचं माहेरचं नाव, कुठे वडिलांच्या आडनावाचं वेगळं स्पेलिंग. पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं दिसलं की श्टांडेसाम्ट थांबतं. ही दुरुस्ती जिथे जन्म नोंदला गेला तिथेच करावी लागते, आणि परदेशात बसून ती फार जिवावर येते. सुट्टीवर घरी गेलात की पहिल्याच आठवड्यात हे काम हाती घ्या. जर्मन भाषांतर जर्मनीतल्या न्यायालयात शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून करून घेतलेलं उत्तम. इथल्या ओळखीच्या अनुवादकाचं काम कितीही चांगलं असलं तरी ते नाकारलं जाऊ शकतं.

आणि कामाचा क्रम उलटा ठेवा. भारतात कागद गोळा करण्याआधी ज्या शहरात राहता तिथल्या श्टांडेसाम्टकडून स्वतःच्या प्रकरणाची यादी लेखी मागा. मैत्रिणीला म्युनिकमध्ये जे चाललं ते तुम्हाला लाइप्त्सिशमध्ये चालेलच असं नाही.

डेन्मार्कबद्दल. तिथे काम लवकर होतं, हे खरं आहे. पण कागद विचारत नाहीत, हे खोटं. २०१९ पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज तिथलं एक केंद्रीय कार्यालय तपासतं: पासपोर्ट, डेन्मार्कमध्ये कायदेशीर वास्तव्याचा हक्क, आधीच्या लग्नाचा शेवट झाल्याचे कागद, नातं खरं असल्याचे पुरावे. केवळ व्हिसासाठी लग्न होत असल्याचा संशय आला तर नकार मिळतो. या कार्यालयाचं मंजुरीचं प्रमाणपत्र मिळालं की चार महिन्यांत लग्न करायचं. डॅनिश लग्नाने जर्मनीत राहण्याचा परवानाही आपोआप मिळत नाही. पर्यटक व्हिसावर येऊन लग्न केलेल्या जोडीदाराला बहुधा भारतात परतून योग्य व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, आणि अनेकांना ‘ए-१’ या सुरुवातीच्या पातळीच्या जर्मन भाषेचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं.

राहिली भारतातली नोंदणी. परदेशात तिथल्या कायद्याने लागलेलं लग्न केवळ इथे नोंद नाही म्हणून रद्द होत नाही. परदेशी विवाह कायदा, १९६९ च्या कलम १७ नुसार अशा लग्नाची नोंद परदेशातल्या भारतीय दूतावासाच्या विवाह अधिकाऱ्याकडे करता येते, ती सोय आहे. वधू-वरांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असायला हवा. पुढे इथल्या कार्यालयांत लग्न सिद्ध करायची वेळ आली तर ही नोंद कामी येते, म्हणून ती करून घ्यावी. पण ‘नोंद नाही म्हणजे लग्न नाही’ असं सांगून कुणी घाईने पैसे मागत असेल तर देऊ नका.