सोयाबीनचा भाव फक्त तेलावर ठरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुक्त व्यापारानं देशाचा फायदा होतो, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर आपण लिहिलंत : ‘मलेशिया-अर्जेंटिनाच्या तेलानं आमचं सोयाबीन क्विंटलला चार हजारांवर आणलं. आयात बंद करा, सहा हजार भाव आपोआप मिळेल. तुमचं अर्थशास्त्र बांधावर चालत नाही.’ या रागामागचं कारण खरं आहे. उपाय मात्र मला पटत नाही.

आधी मान्य असलेलं सांगतो. ‘देशाचा फायदा होतो’ हे लेखातलं वाक्य अपुरं होतं. तेल किलोमागे १० रुपयांनी स्वस्त झालं, तर महिन्याला ४ किलो तेल लागणाऱ्या घराचे ४० रुपये वाचतात. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं, म्हणजे पिकवणाऱ्याचे क्विंटलमागे १८० रुपये जाऊ शकतात. एकरी ८ क्विंटल धरले तर पाच एकरवाल्याचे ७,२०० रुपये झाले. फायदा कोट्यवधी घरांत चिमूटचिमूट वाटला जातो, तोटा मात्र एकाच अंगणात येऊन पडतो. आणि ज्यांचं वाचलं त्यांच्याकडून ज्याचं गेलं त्याच्याकडे काही पोचवणारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही. ही चूक मोठी आहे.

‘जागतिक व्यापार करारानं सरकारचे हात बांधले’ असंही म्हटलं जातं. ते मात्र अर्धंच खरं. १९८६च्या तेलबिया अभियानानंतर नव्वदीच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होतो. १९९४मध्ये पामोलिनची आयात खुली झाली तेव्हा शुल्क ६५ टक्के होतं. १९९८पर्यंत ते १५वर आणलं. करारानुसार पामतेलावर ३०० आणि सोयातेलावर ४५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा होती. तितकं लावलं नाही, हा दिल्लीचा निर्णय होता. आज गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. उद्या ते थांबवलं तर तेवढं तेल देणारं पीक शेतात उभं नाही. आणि तेलाची पिशवी शेतमजुराच्या घरीही जाते.

आता भावाचा हिशोब. १४ सप्टेंबर २०२४ला कच्च्या सोयातेलावरचं एकूण शुल्क ५.५वरून २७.५ टक्के झालं. बंदरात कच्चं तेल टनाला १,००० डॉलर आणि डॉलर ८४ रुपये धरू. २२ टक्क्यांच्या वाढीनं तेल किलोमागे साडेअठरा रुपयांनी महागतं. गुणिले १८ किलो, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ३३० रुपये, तेही गाळप करणाऱ्या प्लांटनं सगळे पुढे दिले तर. पण त्याच क्विंटलमधून ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली की ४०० रुपये गेले. शुल्कानं दिलं त्याहून जास्त पेंडीनं नेलं.

त्या हंगामात जवळपास हेच झालं. इथेनॉल प्रकल्पांतून मका-तांदळाचा स्वस्त चोथा पशुखाद्यात आला आणि त्यानं सोयापेंडीची जागा घेतली. बाहेर अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड स्वस्त होती, आपली बिगर-जीएम (जनुकबदल न केलेल्या सोयाबीनची) पेंड महाग. हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरला त्याखाली सौदे झाले. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. ती १५ करण्याचा आदेश नोव्हेंबरच्या मध्यावर आला, तोवर अनेकांचा माल व्यापाऱ्याकडे गेला होता.

पेंडीचा धंदा निर्यात आणि कोंबडीखाद्यावर चालतो. म्हणून ‘दार बंद करा’ म्हणताना कुठलं दार ते सांगायला हवं. ऑगस्ट २०२१मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास होतं; तेव्हा सरकारनं १२ लाख टन जीएम पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. काढणी तोंडावर आली होती. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ला उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिकच्या शेतकऱ्याचं नुकसान मुक्त व्यापारानं नव्हे, तो नाकारल्यानं झालं. भाव चढला की आयात खुली किंवा निर्यात बंद, आणि पडला की ‘बाजाराचा नियम’. माझा आक्षेप या एकतर्फीपणाला आहे.

शुल्क वाढवलं तरी ते गळतं. नेपाळात सोयाबीन नाममात्र पिकतं, तरी तिथून रिफाइंड सोयातेल शून्य शुल्कानं येतं. सवलतीसाठी माल तिथेच घडलेला हवा, किमान ३० टक्के मूल्यवाढ हवी. आणलेलं कच्चं तेल नुसतं शुद्ध केल्यानं मूल्य इतकं वाढत नाही. मूळ देशाचा पुरावा आयातदारानं स्वतःकडे ठेवायचा, हा नियम सप्टेंबर २०२०पासून आहे. तपासणी तिथे कडक करा, ही मागणी ‘आयात बंद’पेक्षा जास्त कामाची आहे.

दुसरी मागणी वेळेची. ३० मे २०२५ला, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क २७.५वरून १६.५ टक्क्यांवर आणलं. रिफाइंडवर ३५.७५ कायम ठेवलं. त्यामुळे कच्चं तेल आणून शुद्ध करणाऱ्या इथल्या कारखान्यांना संरक्षण मिळालं. बियाणं घेऊन बसलेल्याला नाही. शुल्क मेआधी जाहीर व्हावं आणि फेब्रुवारीअखेर आवक सरेपर्यंत हलवू नये. सोबत पेंडीच्या निर्यातीला वाहतूक-साहाय्य मिळावं. एवढं झालं तर सहा हजार मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण पेरताना अंदाज तरी बांधता येईल.