१ स्टार दिलेल्या सरांना दुकानातर्फे उत्तर

सर नमस्कार, आमच्याकडून घेतलेल्या जुन्या यामाहा आर१५ स्पोर्ट बाईकचा तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. इन्शुरन्स दीड महिन्यात संपतोय हे मी तोंडी बोललो पण कोटेशनवर लिहिलं नाही, ती चूक आमची, मान्य आहे.

पण "नवीन शिकणाऱ्याच्या गळ्यात स्पोर्ट बाईक मारली, खर्चाचं एक अक्षर बोलले नाहीत" हे जे लिहिलंय ना, ते फार लागलं. सिंहगड रोडला १४ वर्षं जुन्या गाड्या विकतोय सर, गळ्यात मारत बसलो असतो तर शटर कधीच खाली आलं असतं.

त्या रविवारी तुम्ही वडिलांना घेऊन आलात, चांगले पाऊण तास होतात. याआधी फक्त ॲक्टिव्हा चालवलीय म्हणालात म्हणून मी आधी साधी होंडा शाईन १२५ बाहेर काढली, ३८ हजारांनी स्वस्त होती, वडिलांना पसंत पण पडली. तुम्हाला आर१५च पाहिजे होती. मग मी तुम्हाला सीटवर बसवलं, ८१५ मिलिमीटरची सीट आहे तिची, तुमचे नुसते चवडे टेकत होते, टाचा वर, मी खाली वाकून वडिलांना दाखवलं. गल्लीच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी दोनदा मागे ढकलायला सांगितली, दोन्ही वेळा आमच्या पोराला धरायला लागली. हँडल खाली आहे, अंगाचा भार मनगटावर येतो, रोज स्वारगेटपर्यंत ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत जाल तर मनगट आणि कंबर दोन्ही धरेल, हेही बोललो. तुम्ही म्हणालात होईल सवय. आता पाठ दुखते म्हणून आमचा स्टार कापला.

थर्ड पार्टी इन्शुरन्सचे (समोरच्याच्या नुकसानीसाठीचा, सक्तीचा असतो तो) "जास्त" पैसे लावले म्हणता, तो सरकारी रेट आहे सर, जून २०२२ पासूनचा, १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ अधिक जीएसटी, आर१५ आहे १५५ सीसी. शाईनला तेच ७१४ पडले असते.

आणि दुरुस्तीच्या ११,६०० च्या बिलाचं पूर्ण लिहा ना. गाडी उभ्या उभ्या डावीकडे पडली, सोसायटीच्या गेटमध्ये, हे तुम्हीच सांगितलंत. साधी गाडी अशी पडली तर बऱ्याचदा लिव्हर, इंडिकेटरवर निभावतं, फेअरिंगवाली, म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेली, पडली की आधी प्लास्टिक फुटतं आणि तेच महाग असतं. फिटिंगची मजुरी मी १ रुपया घेतली नाही, ते कुठे दिसलं नाही रिव्ह्यूत. परवा एक गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं, तुमचा रिव्ह्यू वाचून फोनवरच नाही म्हणालं, आमच्याकडे दोन पोरं कामाला आहेत सर.

यापुढे इन्शुरन्स, चेन, टायरचा अंदाजे खर्च कोटेशनच्या मागे लिहून देत जाऊ, बघतो या महिन्यात छापून घेतो.

गाडी झेपत नसेल तर वडिलांना घेऊन या, सोमवार सोडून कधीही. पडलेल्या गाडीला तोच भाव देता येणार नाही हे आधीच सांगतो, पण शाईन अजून इथेच उभी आहे.