काका, चार बोल्टांचा हिशेब देतो

काका,

पस्तीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काढलीत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. ‘सर’ म्हटलं की मला उगाच व्हायवा चालू असल्यासारखं वाटतं. तशी तुमची प्रतिक्रिया व्हायवापेक्षा वेगळी नव्हतीच म्हणा.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. माझ्या जुन्या निसान ३७०झेड या स्पोर्ट्स कारमध्ये ड्रायव्हरची मूळ सीट काढून, खाली बसणाऱ्या रेलवर (सीट ज्यावर पुढे-मागे सरकते तो सांगाडा) रेसिंगची बकेट सीट कशी लावली, ते मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या या काकांनी खरडपट्टी काढली. त्यांचं म्हणणं असं: दीड इंचासाठी कंपनीने क्रॅश टेस्ट करून दिलेली सीट उपटणाऱ्याने स्वतःला इंजिनीअर म्हणवू नये. साइड एअरबॅग गेली. बेल्टचं बकल आता कशाच्या भरवशावर आहे ते देव जाणे. कायद्यात हे बसत नाही. वर कोवळी पोरं हे वाचून वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात सीटखाली लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतील. आणि शेवटचा टोला: ‘तुमचा टॉर्क रेंच शेवटचा कॅलिब्रेट कधी केला होतात?’ (टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना; तो बरोबर जोर दाखवतो का ते तपासणं म्हणजे कॅलिब्रेट करणं.)

रात्री वाचलं तेव्हा डोकं तापलं. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा अर्धं पटलं. आज दोन्ही अर्ध्यांवर लिहितो.

आधी दीड इंचाचं. माझी उंची ६ फूट १ इंच आणि त्यातली जास्तीची सगळी कमरेच्या वर. मूळ सीट पार खाली नेऊन बसलं तरी डोकं आणि छत यांत दोन बोटं उरतात. हेल्मेट घातलं की तीही उरत नाहीत, मान तिरकी करून बसावं लागतं. लग्नात पंगतीत खांबाला टेकून बसलेला माणूस असतो ना, तसं. या अवस्थेत रेस ट्रॅकवर जाणं हासुद्धा धोकाच आहे, कारण गाडी आदळली किंवा उलटली तर डोकं वरही उसळू शकतं आणि वर जागाच नाही. शिवाय या गाडीचं स्टीअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे येत नाही, आणि समोरचा मीटरचा डबा स्टीअरिंगबरोबरच हलतो. त्यामुळे बसण्याची जागा जमवायला फिरवण्यासारखं हातात फारसं काही नसतं. उरते सीट. मूळ सीट मोटारींवर चालणारी, त्या मोटारी आणि त्यांची चौकटच बरीच उंची खातात. ती काढून साध्या हातरेलवर गेलं की जागा सुटते. मला ३८ मिमी सुटली. ती हौस नव्हती, एवढंच म्हणायचंय.

आता बकल. इथे माझं तुमच्याशी भांडण आहे, आणि ते आनंदाचं भांडण आहे, कारण एवढ्या बारकाईने आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणता, ‘बकल सीटवर, सीट रेलवर, रेल फ्लोअरवर, म्हणजे माणूस शेवटी तुमच्या रेलवर लटकतोय.’ अगदी खरं. पण माझ्या गाडीत मूळ सीटलाही हेच होतं. बकल सीटच्या आतल्या बाजूला, सीट चार बोल्टांवर. रेल बदलल्याने साखळी बदलली नाही, साखळीतली एक कडी बदलली. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ती कडी किती भक्कम आहे. तुम्हाला तोंडपाठ असेल, इतरांसाठी सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांतला १४ क्रमांकाचा नियम बेल्टच्या आधारबिंदूंचा आहे. प्रवासी कारच्या तीन टोकांच्या बेल्टला चाचणीत खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन ओढ देतात. म्हणजे प्रत्येकी पावणेचौदाशे किलोंच्या आसपास. बेल्टचं टोक सीटवरच असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट ओढ त्यात आणखी.

हे आकडे वाचून लोक बोल्टाकडे बघतात. बोल्ट बिचारा सहसा दोषी नसतो. डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला १० मिमीचा बोल्ट ताणून तोडायचा तर साधारण ६० किलोन्यूटन लागतात, सहा टन म्हणा. मार खाते ती पट्टी. बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा फाटतो, वेल्डच्या कडेला तडा जातो, पाय दुमडतो. म्हणूनच मी पट्टी बनवून घेतली नाही. रेल याच मॉडेलसाठी तयार मिळते ती जपानी घेतली, कारखान्याच्या मूळ चार भोकांतच बसते, आणि बकलसाठी तिच्या आतल्या अंगाला जाड पत्र्याचा कान दिलेला आहे. मी एकही भोक पाडलं नाही, एकही टाका मारला नाही. तुम्ही लेखातला फोटो पाहून ‘वेल्ड दिसतोय’ म्हणालात, तो रेलच्या मागच्या बाजूचा कारखान्यातला आहे.

खरं सांगायचं तर पट्टीचा मोह झाला होता. तयार रेल यायला दोन महिने लागणार होते आणि इकडच्या एका गॅरेजवाल्याने चहा पिता पिता पाच सूत जाडीची पट्टी बोटाने दाखवली, ‘साहेब, संध्याकाळपर्यंत मारून देतो, हत्ती बसला तरी हलणार नाही.’ हत्ती बसून काय होणार काका? हत्ती खाली दाबतो. अपघातात माणूस पुढे आणि वर ओढतो. वागळेच्या पोरांबद्दलची तुमची भीती म्हणूनच खरी आहे, आणि हा परिच्छेद मूळ लेखात हवा होता.

बकलबद्दल तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, ती जास्त महत्त्वाची आहे. सीट खाली नेली आणि बकल होतं तिथेच राहिलं, तर कमरेचा पट्टा सापेक्षतः वर चढतो. तो ओटीपोटाच्या हाडावर बसायला हवा, तो पोटावर येतो. धडक झाली की माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा आतड्यांत रुततो. म्हणून बकल सीटइतकंच खाली आलं पाहिजे. मी सुतळी आणि खडू घेऊन आधीचा आणि नंतरचा पट्ट्याचा कोन दारावर आखला होता. बायकोने तो पुसला, पण फोटो आहे.

आता जी चूक तुम्ही पकडली नाहीत आणि मी लपवली, ती. रेल बसवल्यावर तिसऱ्या दिवशी पामबीच रोडला सिग्नलसाठी जरा जोरात ब्रेक दाबला आणि सीटखाली ‘खट्’ झालं. सीट पुढे सरकली नाही, पण उजवी बाजू किंचित वळल्यासारखी वाटली. नेरूळला घरी येऊन मोबाइलचा टॉर्च लावून, पार्किंगमध्ये आडवा पडून पाहिलं. डाव्या रेलचा, सीट जागी अडकवणारा खटका दातात पूर्ण बसलेला, उजव्याचा दाताच्या टोकावर अर्धा टेकलेला. म्हणजे तीन दिवस मी एका पायावर उभ्या असलेल्या सीटवर बसून हिंडत होतो.

कारण साधं होतं आणि माझंच होतं. मी एकेक बोल्ट घेऊन पूर्ण आवळत गेलो. गाडीचा फ्लोअर काही आरशासारखा सपाट नसतो. पहिला बोल्ट गच्च झाला की रेल तिरकी बसते, दोन्ही रेल समांतर राहत नाहीत, आणि दोन खटके एका वेळी पडत नाहीत. उपाय असा: चारही बोल्ट हाताने धरतील इतकेच लावायचे, सीट शेवटपर्यंत पुढे-मागे दोन-चारदा सरकवायची म्हणजे रेल स्वतःची जागा घेतात, मग थोडं थोडं करून आलटून पालटून आवळायचे. शेवटी बसून, पाय रोवून, पाठीने जोर लावून मागे रेटायचं आणि दोन्ही खटके डोळ्यांनी पाहायचे. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. एकट्या डाव्याचाही ‘खट्’ तसाच येतो.

एअरबॅगवर मात्र मी हात वर करतो. मूळ सीटच्या पाठीत साइड एअरबॅग आहे. सीट गेली की ती गेली. खिडकीवर उघडणारी पडदा एअरबॅग जागेवर आहे, पण ती डोक्यासाठी. बरगड्यांसाठी आता काही नाही. हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, आणि ती ओळ तुम्ही जशीच्या तशी उचलून माझ्या तोंडावर मारलीत: ‘पिवळ्या कनेक्टरमध्ये रेझिस्टर टाकला, मीटरमधला दिवा विझला, काम झालं.’

काम झालं नव्हतं. दिवा विझला म्हणजे गाडीच्या मेंदूला सांगितलं की एअरबॅग आहे, आणि तिथे आहे दोन-तीन ओहमचा तुकडा. उद्या मी गाडी विकली आणि घेणाऱ्याने दिवा बघून समाधान मानलं, तर फसवणूक माझी. तुम्ही या वाक्याला ‘निर्लज्ज’ म्हणालात. मी एवढा कडक शब्द वापरला नसता, पण खोडूही शकत नाही. रेझिस्टर काढलाय. ट्रॅकची सीट असेल तेव्हा दिवा पेटलेलाच राहील. शेजारच्या सीटला तेव्हाही हात लावला नव्हता, तिथे बायको बसते.

कायद्याचं पटापट. कंपनीने दिलेल्या गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही दिलात. आरसीवर बैठक क्षमता असते, सीटची उंची नसते, असा वाद मी घालू शकलो असतो, मित्रांत घातलाही. पण २०१९ च्या दुरुस्तीत १८२अ कलमाचं चौथं पोटकलम आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि बाहेरून घेऊन बसवलेले भाग त्यात नाव घेऊन आलेत. त्याच्यापुढे माझा वाद टिकत नाही. विमा कंपनीलाही मेल टाकून विचारलं होतं. उत्तर आलं, टोल फ्री नंबरवर फोन करा. फोनवर विचारलं तर म्हणाले, मेल करा.

आणि एक तोटा तुमच्याही यादीत नव्हता. पुतण्याला बॉनेटसमोर चप्पल धरायला लावली आणि मला दिसेपर्यंत मागे मागे जायला सांगितलं. मूळ सीटवरून जिथे चप्पल दिसली, खालच्या सीटवरून तिथून दोन मीटर आणखी मागे जावं लागलं. ३८ मिमीचे दोन मीटर! गणित करून बघा, डोळा, बॉनेटची कड आणि जमीन यांच्या त्रिकोणातून तेवढंच येतं. सोसायटीच्या गेटात खेळणारं पोर त्या दोन मीटरांत मावतं. मला खरं टोचलं ते हेच, कलम १८२अ नव्हे.

तेव्हा सध्याची स्थिती अशी: मूळ सीट परत बसवली आहे, दोन बोटांसकट. पाठ किंचित मागे घेतली की तीन बोटं होतात. बकेट सीट रेलसकट माळ्यावर आहे, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून. वर्षातून एकदा गाडी फ्लॅटबेडवर चढून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकला जाते, तेव्हा उतरेल. एवढ्यासाठी एवढा खर्च, हे बायकोचं म्हणणं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण ‘रेल खाली करणं म्हणजेच मूर्खपणा’ हे तुमचं वाक्य मी मान्य करत नाही. ट्रॅकवर, योग्य रेलवर, बकल बरोबर जागी असताना, छतापासून डोकं लांब नेणं हा शहाणपणा आहे. रस्त्यावर, साइड एअरबॅगच्या बदल्यात, नाही. मूळ लेखात मी दोन्ही एकाच दमात सांगितलं, घोळ तिथे झाला. रेझिस्टरचं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर रेघ मारून ठेवली आहे आणि खाली तुमची प्रतिक्रिया तारखेसकट लावली आहे.

टॉर्क रेंच कॅलिब्रेट केला नव्हता. घेतल्यापासून एकदाही नाही. काल तुर्भ्याला देऊन आलोय, गुरुवारी मिळेल. किती निघतो ते इथेच लिहितो.