‘कोणाला सांगू नका’ म्हणणाऱ्या काकांना

भावकीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज आला: “तरुण पोराला गाठ आली तर सुई लावू देऊ नका, पसरते. लिंबू-हळद द्या, विरघळते. चारचौघांत बोलू नका, लग्न जमणार नाही. पेशंटांच्या घोळक्यात बसू नका, मन खचतं.” खाली हात जोडलेल्यांची रांग. 23व्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झालेला मी त्याच ग्रुपवर आहे, हे पाठवणाऱ्या काकांच्या लक्षात नसावं.

सुईचं आधी, म्हणजे तपासणीसाठी गाठीत घालतात तिचं. मानेतली गाठ टीबीची असू शकते, लिम्फोमाचीही असू शकते. हाताला दोन्ही सारख्याच लागू शकतात. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. सुईनं कॅन्सर पसरणं अगदीच विरळा. याच भीतीपायी आमच्या घरी तीन महिने लेप लावण्यात गेले, आणि गाठ काखेतही आली.

लिंबू-हळदीचं खूळ नोव्हेंबर 2024 मध्ये वाढलं, पत्नीचा कॅन्सर अशा पथ्यानं हटला असं नवज्योतसिंग सिद्धू बोलले तेव्हा. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, ते मात्र फॉरवर्डमध्ये गळालं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 डॉक्टरांनी पत्रक काढून सांगितलं की अशा उपायांना पुरावा नाही, उपचार लांबवू नका. हळद वरणात बरी.

लग्नाचं म्हणाल तर काकांचं थोडं खरं आहे. माझं जमत आलेलं फिसकटलं. युवराज सिंगनं 2012 मध्ये केमो घेतली आणि 2016 मध्ये लग्न केलं, पण तो युवराज, आम्ही यावल तालुक्यातले. तरी लपवून काय साधलं असतं? माझे केमोचे 12 डोस होते, दर पंधरा दिवसांनी एक. बाबा माझ्यासोबत मुंबईत, इकडे केळीची बाग कापणीला आलेली. गावात माहीत होतं म्हणूनच चौघा मित्रांनी घड उतरवले, भाव पाहिला, ट्रक भरून दिला.

राहिला घोळका. भुसावळहून रात्रीची गाडी, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, बाहेरगावचे कॅन्सर पेशंट उतरतात ती. तिथं पहिल्याच रात्री धुळ्याकडचा एक जण शेजारी येऊन बसला. म्हणाला, “उद्या ते लाल औषध देतीन. लघवी लाल व्हई, घाबरू नको भाऊ.” दुसऱ्या दिवशी तसंच झालं. त्यानं सांगितलं नसतं तर रक्त समजून मी संडासातच बसकण मारली असती. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही त्यानंच दाखवला: स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफी, सोबत्याला 75 टक्के. आणि हळूच विचारलं, वीर्य गोठवून ठेवलं का? केमोनं पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे बाबांसमोर डॉक्टरांना विचारायची माझी छाती झाली नसती. मुलींनाही बीजांडं गोठवता येतात, पण हे सगळं पहिल्या डोसाआधी विचारावं लागतं.

मन खचतं, हेही खोटं नाही. आमच्यातला नंदुरबारचा एक जण गेला, तेव्हा दोन दिवस मी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी शिरपूरच्या एका पोराचा मेसेज होता: “दादा, उद्या लाल औषध आहे.” उठून त्याला फोन लावला.