किल्ल्याचा आवाज किल्ल्यासमोरच राहू दे

आज वसुबारस. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्यापाशी उभा होतो. दगड रचून झालेत, पोत्यांवर चिखल बसलाय, मोहरी आणि हळीव पेरलंय. मी एवढंच म्हटलं की यंदा स्पीकर रस्त्याकडं तोंड करून ठेवू नका, वर बांधून खाली वळवू. तर गल्लीतलाच एक जण सगळ्यांसमोर म्हणतो, "तुला महाराजांचा इतिहास नको झालाय काय?"

मला! तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

गेल्या दिवाळीचं सांगतो. राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या, वर बालेकिल्ला. मोठा बॉक्स स्टुलावर आणि तोंड थेट समोरच्या घराकडं. माहितीचं रेकॉर्डिंग सात मिनिटांचं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. समोर आबा अंथरुणाला खिळलेले. बुरूज कुठं बसवायचा, पोतं किती भिजवायचं, हे आमच्या गल्लीला शिकवलं त्यांनीच. माझा तर हात धरून शिकवलंय. फराळाचा डबा घेऊन गेलो तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून, कानावर उशी दाबून पडले होते. म्हणाले, "तेवढी खिडकी लाव रे." लावली. आवाज तसाच. बासचा, म्हणजे जाड घुमणाऱ्या आवाजाचा, धक्का खाटेच्या दांडीला हात लावला तरी कळत होता.

का, ते नंतर साऊंडचं काम करणाऱ्या एका मित्रानं समजावलं. बारीक, उंच आवाज स्पीकरच्या तोंडासमोर जातो. बासचं तसं नाही. १०० हर्ट्झच्या, म्हणजे बासच्या, आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. हातभर बॉक्स तिला कुठली दिशा देणार? ती चहूकडं पसरते आणि खिडकी लावली तरी घरात शिरते.

खरोखर एकाच दिशेनं आवाज सोडणारे स्पीकर असतात, संग्रहालयांत वापरतात. त्यातून साधारण ४० हजार हर्ट्झचा, माणसाला ऐकूच न येणारा आवाज झोतासारखा निघतो आणि हवेतून जाता जाता त्यातूनच ऐकू येणारे शब्द तयार होतात. झोतात उभं राहिलं तर ऐकू येतं, बाजूला सरकलं की जवळजवळ नाही. पण ते महाग, त्यात बास जवळजवळ नाही, आणि पक्की भिंत समोर आली की झोत आपटून परत फिरतो. आमच्या गल्लीत समोरासमोर भिंतीच आहेत. म्हणजे ते आपल्या कामाचे नाहीत, हे मान्य.

पण त्याची गरज तरी काय? किल्ल्यासमोर एका वेळी उभे राहतात दहा-बारा जण. दोन बारके स्पीकर मांडवाच्या बांबूला, लोकांच्या डोक्यावर बांधायचे, तोंड खाली. बास पूर्ण कमी. मागं आणि बाजूला जुनी गादी नाहीतर वाकळ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. गल्लीत भिंतींमुळं तेवढा उतरणार नाही, पण स्पीकर कानाजवळ आला की मुळात सोडायचाच कमी. पोवाडा थोडा पोकळ वाटेल, वाटू दे. माहिती शब्द न् शब्द कळेल.

"मराठी आवाज गल्लीभर घुमायला पाहिजे," असंही कोणीतरी म्हणालं. इथं सीमाभागात राहून मला ते कळत नाही असं वाटतं काय? आपल्या बोलीत गडाचं नाव कानावर पडलं की माझीही छाती भरून येते. पण गल्लीच्या टोकाला जाऊन ऐका एकदा. नुसती धडधड पोचते. त्यात मराठीचा एक शब्द कळत नाही. ज्याला कळत होता, ज्याला सगळे गड तोंडपाठ होते, त्याला आपण उशी कानावर घ्यायला लावली.

चार दिवसांचा सण आहे, हेही खरं. पण आजारी माणसाला चार दिवस लांब असतात. रात्री १० नंतर स्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हा नियम २००० सालापासून आहे. मला तो काढून कुणाच्या तोंडावर मारायचा नाही. आबांसाठी कागद लागतोय काय आपल्याला?

आबा शिमग्याच्या आधीच गेले. शेवटचा किल्ला त्यांनी बघितलाच नाही. बाहेर खुर्चीवर आणून बसवू म्हणालो होतो, तर त्या आवाजात नको म्हणाले. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

मघाशी रागात पोरांवरही ओरडलो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाळांनो, मनावर घेऊ नका. रात्री दोघं घरी येऊन गेले, विचारत होते, "काका, बांबू किती उंच लागेल?"

समोर आजी एकट्याच असतात आता. उद्या संध्याकाळी पाचला स्पीकर बांधतोय. आधी आजींच्या पडवीत बसून ऐकायचं, मग आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं. कोणाकडं जुनी गादी किंवा वाकळ असली तर घेऊन या. शिडी आणि वायर माझ्याकडं आहे.