रिमोट ऐकत नसेल तर डिस्क परत करावी

पैसे मोजून आणलेली सिनेमाची डिस्क लावली की आधी कायद्याची तंबी, मग कंपनीचे बोधचिन्ह, त्यानंतर दुसऱ्याच चित्रपटांच्या जाहिराती, आणि पुढे जाण्याचे बटण दाबले तर पडद्यावर नकाराची खूण, हा प्रकार बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्यांच्या घरी अजून डीव्हीडी प्लेअर चालू आहे त्यांना चांगलाच ठाऊक असेल. अशी डिस्क सदोष समजून दुकानात परत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुष्कळजण रिमोटचे सेल बदलून पाहतात. वास्तविक कोणत्या भागात कोणते बटण चालू नये हे डिस्क तयार करणाऱ्याला ठरवता येते, आणि प्लेअर ते मुकाट्याने पाळतो. चोरीविरोधी सूचना टाळली जाऊ नये म्हणून ही सोय वापरली जाते, हे एक वेळ समजू शकते. पण तीच जाहिरातींसाठी वापरणे ही शुद्ध दांडगाई आहे. शिवाय नकली प्रती काढणारा हा भाग सहज कापून टाकू शकतो, म्हणजे तंबी ऐकायची ती बिल घेऊन खरेदी करणाऱ्यानेच. जुन्या व्हीसीडीचे चित्र यथातथाच असे आणि मध्येच उठून दुसरी डिस्क घालावी लागे, परंतु नको तो भाग पुढे ढकलता येत असे.

सबटायटलची तऱ्हा याहून वाईट आहे. डीव्हीडीवर 32 सबटायटल आणि 8 ध्वनिपट्ट्या देता येतात. आमच्याकडे मराठी सिनेमा लावला की शेजारची कन्नड मंडळीही येऊन बसतात, तेव्हा कन्नड ओळींचा खराच उपयोग झाला असता. मी घेतलेल्या एका डिस्कवर मात्र इंग्रजी ओळी थेट चित्रातच छापलेल्या होत्या, त्यामुळे त्या बंद करण्याची सोयच नव्हती.

ती परत करायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘डिस्क चालते की ओ, मग परत कशाला?’ त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण माल त्यांनी बनवलेला नाही. तरीही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. न चालणारे बटण हा कायद्याच्या अर्थाने दोष आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. माझ्या मते तो आहे, कारण वेष्टनावर त्याची कल्पना कुठेच दिलेली नसते.

दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. वितरकाकडे परत जाणारा माल वाढला तरच कंपनीला त्याची झळ लागेल. म्हणून बिल जपून ठेवावे आणि परत करताना ‘आवडली नाही’ असे मोघम न सांगता कोणते बटण कुठे चालत नाही आणि जाहिराती किती मिनिटे चालतात, हे चिठ्ठीवर लिहून डिस्कसोबत द्यावे.