‘साध्या खेळण्यांनी काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘दिव्यांग मुलाला साधी खेळणी देऊ नका, थेरपी किटच घ्या. दिवे-आवाज जेवढे जास्त तेवढा मेंदू जागा होतो. खोक्यावरचं वय बघू नका. नुसतं खेळणं म्हणजे थेरपीच्या वेळेची नासाडी.’ खाली किटची लिंक, अर्थात.

आधी किटचं बघू. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाचं बऱ्याचदा अडतं ते खेळण्याच्या चालू-बंद करायच्या बारीक कळीपाशी. त्यासाठी किट लागत नाही. हरिपूरच्या जत्रेतलं सेलवर चालणारं, झांजा वाजवणारं माकड घ्या. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये पुठ्ठा, प्रत्येक पट्टीला एक वायर. हे सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये सरकवायचं. वायरींची दुसरी टोकं फळीवर बसवलेल्या डोअरबेलच्या बटणाला जोडायची. माकडाची स्वतःची कळ चालूच ठेवायची. आता कोपराने दाबा की पायाने, दाबलं की झांजा वाजणार, सोडलं की थांबणार. आपण केलं म्हणून ते वाजलं, हे मुलाला इथे कळतं. गल्लीतला वायरमनही हे करून देईल. (एकदा दाबलं की अख्खं गाणं वाजवणाऱ्या खेळण्यांवर ही युक्ती सहसा चालत नाही.)

दिवे-आवाजाचं म्हणाल, तर त्या गोंगाटाने काही ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलं कान झाकून घेतात. मेंदूतल्या इजेमुळे नीट न दिसणाऱ्या मुलांना बहुधा उलटंच सोपं जातं: मागे काळं कापड, पुढे एकाच रंगाची एकच वस्तू.

वयाचा सल्ला तर धोक्याचा. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना हुशारीबद्दल नसते, घशात अडकणाऱ्या तुकड्यांबद्दल असते. आठ वर्षांचं मूल वस्तू तोंडात घालत असेल तर त्यालाही ती लागू. बटण-सेल (घड्याळात असतो तसला चपटा गोल सेल) गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून सेलचं झाकण स्क्रूचंच हवं. आवडीनिवडीत मात्र खरं वय बघा. बारा वर्षांच्या मुलीला खुळखुळा कशाला? पत्ते द्या, मोठ्या अक्षरांचे.

राहिली नासाडी. १९८९ च्या बालहक्क करारातल्या कलम ३१ ने खेळण्याचा हक्क प्रत्येक मुलाला दिलाय, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात थेरपीची अट नाही. ऑटिस्टिक मूल गाड्या ओळीत लावत बसलं की घरचे ‘नीट खेळ’ म्हणत त्याचा हात धरतात. त्यापेक्षा शेजारी बसा, पुढची गाडी पुढे करा. नाही घेतली, तर आपली वेगळी ओळ लावा.